जुन्या तबकड्यांचा नवा हिशेब

१९८९ साली अमेरिकेतील अटलांटिक या ध्वनिमुद्रिका-कंपनीने आपल्या जुन्या भांडारातील चाळीस गाणी निवडून ‘मिस रिदम’ या नावाचा एक संग्रह बाजारात आणला. गायिका होत्या रूथ ब्राउन. गाणी १९४९ पासूनच्या दहा-बारा वर्षांतली, म्हणजे संग्रह निघाला तेव्हा तीस ते चाळीस वर्षांची जुनी. त्याच वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील ‘ब्लॅक अँड ब्लू’ या प्रयोगातील कामगिरीबद्दल रूथ ब्राउन यांना तेथील मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. वृत्तपत्रांनी आणि रसिकांनी या ‘पुनरागमना’चे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या गाण्यांचा हा संग्रह होता ती गाणी गाणाऱ्या या बाईंनी मधल्या काळात शाळेची बस चालवली होती, शाळेत मदतनीस म्हणून काम केले होते आणि लोकांच्या घरी धुणीभांडीही केली होती. त्या वर्षांतही त्यांच्या आवाजाच्या तबकड्या दुकानांत विकल्या जात होत्या. त्यांच्या हाती मात्र त्यातले काही येत नव्हते.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे पुनःप्रकाशन हा आता एक मोठा व्यवसाय झाला आहे. सुबक वेष्टन, जुनी छायाचित्रे, जाणकाराची प्रस्तावना आणि स्वच्छ केलेला आवाज अशा थाटात हे संग्रह येतात. त्यांकडे आपण सांस्कृतिक ऋण फेडण्याचा प्रकार म्हणून पाहतो. ऋण हा शब्द येथे नुसता अलंकारिक नाही, त्याला रुपये-आणे-पैंचा शब्दशः अर्थ आहे. एकदा गाऊन झालेले गाणे दुसऱ्यांदा, दहाव्यांदा विकले जाते तेव्हा त्या विक्रीचा धनी कोण, हा अर्थशास्त्रातला खरा प्रश्न आहे. रूथ ब्राउन यांच्या आयुष्यात आणि त्यांच्या या संग्रहाच्या इतिहासात त्याचे सगळे कंगोरे सापडतात. म्हणून हा विषय संगीतप्रेमींपुरता ठेवणे बरोबर होणार नाही.

गोदी कामगाराची मुलगी

रूथ ब्राउन यांचा जन्म १२ जानेवारी १९२८ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथ या बंदराच्या गावी झाला. माहेरचे आडनाव वेस्टन. वडील गोदीत कामगार होते आणि रविवारी चर्चमधील गायकवृंदाचे नेतृत्व करीत. देवाच्या गाण्याखेरीज दुसरे गाणे म्हणजे पाप, अशी त्यांची ठाम समजूत. उन्हाळ्यात मुले नॉर्थ कॅरोलायनातील आजीच्या शेतावर कापूस वेचायला जात. मुलीला ओढ होती ती सारा व्हॉन, बिली हॉलिडे आणि डायना वॉशिंग्टन यांच्या गाण्याची. १९४५ मध्ये, सतराव्या वर्षी, जिमी ब्राउन या ट्रम्पेटवादकाबरोबर ती घर सोडून गेली. लकी मिलिंडर यांच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात तिला जागा मिळाली, पण महिनाभरातच वॉशिंग्टन शहरात कामावरून काढून टाकण्यात आले. कारण काय, तर वादकांना पेये नेऊन दिली! तेथे कॅब कॅलोवे या प्रसिद्ध गायकाची बहीण ब्लांश कॅलोवे हिने तिला आसरा दिला, आपल्या क्लबात गायला उभे केले आणि पुढे तिचा कारभारही पाहिला.

तेथेच ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे निवेदक विलिस कॉनोव्हर यांनी तिचे गाणे ऐकले आणि अटलांटिकच्या चालकांकडे शिफारस केली. ही कंपनी १९४७ साली अहमेत एर्तेगुन आणि हर्ब अब्रॅमसन यांनी स्थापन केली होती. एर्तेगुन हा तुर्की राजदूताचा मुलगा. एका दंतवैद्याकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन उभा केलेला हा उद्योग अजून बाल्यावस्थेत होता. १९४८ च्या ऑक्टोबरात रूथ ब्राउन न्यूयॉर्कला निघाल्या असताना पेनसिल्व्हेनियातील चेस्टर गावाजवळ मोटारीला अपघात झाला, आणि दुखावलेल्या पायांनिशी त्यांना कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. अटलांटिकच्या करारावर त्यांनी सही केली ती रुग्णालयातल्या खाटेवर, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, १२ जानेवारी १९४९ रोजी. पायांचे दुखणे जन्मभर सोबतीला राहिले. त्या कराराचे दुखणेही पुष्कळ वर्षे पुरले.

संग्रहात काय ऐकू येते

हा संग्रह क्रमाने ऐकला तर एका गायिकेबरोबर एका संगीतप्रकाराची घडण कानांना कळते. आरंभी १९४९ चे ‘सो लाँग’ आहे. एडी काँडन यांच्या जॅझ वादकांच्या साथीने गायलेले हे संथ, निरोपाचे गाणे ऐकताना जुन्या वळणाची एक चांगली जॅझ गायिका ऐकत आहोत असे वाटते. स्वर लांबवण्याची, शब्दाच्या शेवटी रेंगाळण्याची ती रीत होती. रूथबाईंचा स्वतःचा ओढा आयुष्यभर अशाच गाण्यांकडे राहिला.

मग १९५० मध्ये रूडी टूम्ब्स यांनी लिहिलेले ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ येते आणि सगळा नूर पालटतो. लय धावू लागते, सॅक्सोफोन गाण्याला ढकलत पुढे नेतो. वरच्या पट्टीत जाताना गायिकेचा आवाज क्षणभर फाटतो, चिरकतो. शास्त्रशुद्ध गायनात हा दोष ठरला असता. येथे तोच आवाजाची ओळख ठरला. दुःखाचे शब्द आणि नाचायला लावणारी लय यांच्या मधली जागा त्या चिरकण्याने भरून निघते. हे गाणे अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढे १९५२ मध्ये ‘फाइव्ह-टेन-फिफ्टीन अवर्स’, १९५३ मध्ये ‘मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’ आणि १९५४ मध्ये ‘ओ व्हॉट अ ड्रीम’ व ‘मॅम्बो बेबी’ ही गाणीही पहिल्या क्रमांकावर पोहोचली. संग्रहाच्या उत्तरार्धात १९५७ चे ‘लकी लिप्स’ लागते तेव्हा मात्र वाट बदललेली जाणवते. गोऱ्या किशोरवयीन ग्राहकाला रुचेल असे हलकेफुलके गाणे आहे ते. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जोडीची ही रचना सर्वसाधारण यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. म्हणजे काळ्या श्रोत्यांत पाच वेळा अव्वल ठरलेल्या गायिकेलाही गोऱ्यांच्या बाजारात तसे स्थान मिळाले नाही.

‘काळ्यांचा बाजार’ आणि ‘गोऱ्यांचा बाजार’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. ‘बिलबोर्ड’ हे या व्यवसायाचे साप्ताहिक कृष्णवर्णीय ग्राहकांत खपणाऱ्या तबकड्यांची यादी वेगळी छापत असे, आणि १९४९ च्या जूनपर्यंत तिचे शीर्षकच ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या तबकड्या, असे होते. ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव त्या साप्ताहिकातील जेरी वेक्सलर यांनी सुचवले. हेच वेक्सलर पुढे १९५३ मध्ये अटलांटिकचे भागीदार झाले. नाव बदलले, भिंत राहिली. दक्षिणेकडील राज्यांत रूथ ब्राउन यांचे कार्यक्रम तंबाखूच्या वखारींत होत आणि नाचणाऱ्या गोऱ्या व काळ्या श्रोत्यांच्या मध्ये दोर बांधलेला असे. बाजारातही असाच एक दोर होता. कृष्णवर्णीय गायिकेचे गाणे लोकप्रिय होऊ लागले की तेच गाणे एखाद्या गोऱ्या गायिकेकडून गाऊन घेऊन मोठ्या बाजारात विकले जाई. ‘ओ व्हॉट अ ड्रीम’ पॅटी पेज यांनी त्याच वर्षी गायले. अटलांटिकच्याच लाव्हर्न बेकर यांचे ‘ट्वीडली डी’ जॉर्जिया गिब्ज यांनी इतके हुबेहूब उतरवले की बेकर यांनी आपल्या लोकप्रतिनिधीकडे दाद मागितली. कायद्याने गीताची रचना संरक्षित होती. गाण्याची ढब, लकब, श्वास यांना संरक्षण नव्हते.

तरीही अटलांटिकची भरभराट झाली, आणि तिच्या आरंभीच्या वैभवात रूथ ब्राउन यांच्या तबकड्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमला बेसबॉलपटू बेब रूथवरून ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. त्याच धर्तीवर लोक अटलांटिकलाही ‘रूथने बांधलेले घर’ म्हणू लागले. १९६७ साली हे घर वॉर्नर ब्रदर्स–सेव्हन आर्ट्स या कंपनीला एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलरना विकले गेले. घर बांधणारी बाई १९६१ मध्येच बाहेर पडली होती.

उचल आणि वजावट

असे कसे झाले? कोणी पेटी फोडून पैसे पळवले असे नाही. जे झाले ते वहीत नीट मांडून झाले, आणि म्हणूनच ते समजून घेण्यासारखे आहे.

त्या काळच्या करारांत गायकाला दोन गोष्टी मिळत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हाती पडणारी थोडी रक्कम, आणि पुढे प्रत्येक तबकडीमागे विक्रीच्या किमतीचा शेकडा एकपासून फार तर पाचपर्यंतचा हिस्सा, म्हणजे स्वामित्वधन किंवा व्यवहारात ज्याला आपण रॉयल्टी म्हणतो ते. मेख पुढे होती. आधी दिलेली रक्कम ही उचल समजली जाई. तिच्या जोडीला स्टुडिओचे भाडे, वादकांची बिदागी आणि संगीतसंयोजकाचे मानधन हा सगळा खर्च गायकाच्या नावे टाकला जाई. ती उचल फिटेपर्यंत स्वामित्वधनातला पैसाही गायकाला मिळत नसे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तबकडीची किंमत एक डॉलर, गायिकेचा हिस्सा शेकडा पाच, आणि तिच्या नावे टाकलेला खर्च एक हजार डॉलर असे धरा. तबकडीमागे पाच सेंट या दराने हजार डॉलर फिटायला वीस हजार तबकड्या विकल्या गेल्या पाहिजेत. आता कंपनीकडे पाहा. दुकानदाराचा नफा, तबकडी छापण्याचा खर्च, वाहतूक आणि कर वजा जाऊन तिला तबकडीमागे वीस सेंट उरतात असे समजू. तिचे हजार डॉलर पाच हजार तबकड्यांतच वसूल झाले. विसाव्या हजारावर कंपनीच्या पदरी खर्च जाऊन तीन हजार डॉलर शिल्लक आहेत, आणि गायिकेच्या खात्यावर शून्य. तेवढ्यात पुढचे ध्वनिमुद्रण होते आणि तिच्या नावे नवा खर्च पडतो. एका गाण्याने कमावलेले दुसऱ्या न चाललेल्या गाण्याच्या खात्यावर वळते केले जाते. खर्च एकच, पण तो वसूल होतो गायिकेच्या पाच सेंटांतून, कंपनीच्या वीस सेंटांतून नाही. या हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक शोधूनही सापडणार नाही. अन्याय आहे तो कोणती रक्कम कोणाच्या रकान्यात लिहायची या आरंभीच्या निर्णयात.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. ऊसतोडणीला जाणारे जोडपे हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेते, हंगामभर राबते, आणि हंगामाअखेर कित्येकदा उचल फिटलेलीच नसते. मग पुढच्या हंगामाची उचल तिच्यावर चढते. वर्गात मी गायकांच्या कराराचे हे उदाहरण देतो तेव्हा मराठवाड्यातून आलेले विद्यार्थी सर्वांच्या आधी मान डोलावतात. कामगाराचे श्रम आणि कलावंताची कला यांत फरक असेल, पण उचलीचे गणित दोन्हीकडे एकच आहे. उचल देणाऱ्याकडे वही असते, घेणाऱ्याकडे गरज असते.

पारडे दुसऱ्या बाजूनेही तोलून पाहिले पाहिजे. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. निघालेल्या बहुतेक तबकड्या चालत नाहीत, आणि चाललेल्या थोड्यांनीच न चाललेल्यांचा तोटा भरून काढायचा असतो. जोखीम कंपनी उचलते. शिवाय त्या काळच्या अनेक लहान कंपन्यांच्या मानाने अटलांटिकचे नाव चांगले होते. तिचे चालक संगीताचे खरे जाणकार होते आणि कलावंतांशी आदराने वागत. रूथ ब्राउन यांना ‘टिअरड्रॉप्स’च्या वाटेला लावणारेही तेच. परंतु हा युक्तिवाद पहिल्या विक्रीला लागू पडतो, पुनःप्रकाशनाला लागू पडत नाही. जोखीम १९५० साली घेतली गेली, तिचे फळ १९५० साली मिळाले. १९८५ साली ‘अटलांटिक रिदम अँड ब्लूज’ या नावाने कंपनीने १९४७ ते १९७४ या काळातील गाण्यांचे सात जोडखंड काढले. तेव्हा वादकांना नव्याने बिदागी द्यावी लागली नव्हती आणि गाणे चालेल की नाही याची धाकधूकही नव्हती. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात, तसा मूळ खर्च केव्हाच मागे पडला होता. पुनःप्रकाशनातून मिळतो तो बहुतांशी जुन्या मालमत्तेवरचा खंड. शेत एकदा नांगरले, पीक चाळीस वर्षे येत राहिले. अशा खंडातही गायिकेची जुनी ‘थकबाकी’ वजा होत राहावी, याला कोणतेही आर्थिक समर्थन नाही.

पंचवीस वर्षांचे मौन

अटलांटिक सोडल्यानंतर रूथ ब्राउन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मुले वाढवीत राहिल्या. १९७५ च्या सुमारास विनोदी नट रेड फॉक्स यांच्या मदतीने त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. ‘सेल्मा’ या संगीतिकेत त्यांनी महालिया जॅक्सन यांची भूमिका केली, पुढे दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या आणि १९८८ च्या ‘हेअरस्प्रे’ या चित्रपटातही झळकल्या. पण जुन्या तबकड्यांचा प्रश्न तसाच होता.

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची गाठ हॉवेल बेगल या वॉशिंग्टनच्या वकिलाशी पडली. बेगल त्यांचे लहानपणापासूनचे चाहते. जुन्या तबकडीवर सही मागायला गेलेल्या या वकिलाला समजले की, या तबकडीचे पैसे गायिकेला वर्षानुवर्षे मिळालेले नाहीत. त्यांनी फी न घेता काम हाती घेतले. मुदतीच्या कायद्यामुळे जुन्या दाव्यांना न्यायालयात फारसा वाव नव्हता. म्हणून त्यांनी कागदपत्रे, वृत्तपत्रे आणि लोकप्रतिनिधी यांच्या द्वारा दबाव उभा केला. रूथ ब्राउन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. एक गायिका स्वतःसाठी भांडत आहे असे त्यांनी होऊ दिले नाही, हे या लढ्यातले महत्त्वाचे. आपल्या पिढीच्या इतर कलावंतांचे दावेही त्यांनी पुढे आणले.

१९८८ च्या सुमारास, अटलांटिकच्या चाळीसाव्या वर्धापनाच्या वेळी, या झगड्याला फळ आले. रूथ ब्राउन आणि त्यांच्या काळातील इतर पस्तीस कलावंतांची वहीतली थकबाकी कंपनीने रद्द केली आणि मागील वीस वर्षांचे स्वामित्वधन देण्याचे मान्य केले. शिवाय ‘रिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ ही संस्था उभारण्यासाठी जवळपास वीस लाख डॉलर दिले. जुन्या गायक-वादकांना आजारपणात आणि अडचणीत मदत करणे, त्यांचा सन्मान करणे आणि इतर कंपन्यांनाही हिशेब सुधारायला लावणे ही त्या संस्थेची कामे.

आरंभी उल्लेखिलेला ‘मिस रिदम’ संग्रह १९८९ चा, म्हणजे या समझोत्यानंतरचा आहे. हा क्रम लक्षात घेतला की त्या संग्रहाचे महत्त्व निराळे दिसू लागते. हीच गाणी चार वर्षे आधी याच रीतीने निघाली असती तर ती थकबाकीच्या खात्यात नाहीशी झाली असती. ध्वनिमुद्रण तेच, आवाज तोच. वहीतली एक ओळ खोडली गेल्यामुळे तो संग्रह गायिकेचा झाला.

तीन देश, तीन मुदती

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. परंतु समझोता एका कंपनीशी झाला होता, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी ठरवतो तो कायदा. तो देशोदेशी निराळा आहे.

अमेरिकेतील नभोवाणीचे उदाहरण पाहा. केंद्राने गाणे वाजवले की गीतकार-संगीतकाराला मोबदला मिळतो, गायकाला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीला कायद्याने काहीही मिळत नाही. म्हणजे ‘टिअरड्रॉप्स’ वाजले की टूम्ब्स यांच्या हक्काचे पैसे जमा होतात, रूथ ब्राउन यांचे होत नाहीत. इंटरनेटवरील नभोवाणीसाठी १९९५ च्या कायद्याने गायकाचा हक्क मान्य केला, आणि मोबदल्याचा पुढे रूढ झालेला हिस्सा असा: निम्मा कंपनीला, शेकडा पंचेचाळीस मुख्य कलावंताला आणि पाच साथीदारांना. हा हिस्सा थेट कलावंताकडे जातो, त्यातून जुनी उचल कापता येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. तथापि, १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षणच नव्हते. ज्या पिढीच्या हक्कांसाठी रूथबाई झगडल्या ती नेमकी त्या तारखेच्या पलीकडे पडली. ही उणीव २०१८ च्या कायद्याने दूर केली. तोवर रूथ ब्राउन यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. १७ नोव्हेंबर २००६ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुदतीचा प्रश्न याहून विलक्षण आहे. १९५० साली निघालेल्या ‘टिअरड्रॉप्स’च्या ध्वनिमुद्रणाचा हक्क अमेरिकेत २०६० अखेरपर्यंत टिकेल. युरोपात त्या वेळच्या पन्नास वर्षांच्या मुदतीप्रमाणे तो २००० अखेर संपला. २०११ मध्ये युरोपीय संघाने मुदत सत्तर वर्षे केली खरी, पण एकदा संपलेले हक्क पुन्हा जिवंत केले नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत साठ वर्षांची, म्हणजे त्या गणिताने आपल्याकडे तो २०१० अखेर संपला. त्यामुळे रूथ ब्राउन यांच्या अटलांटिकच्या काळातील गाण्यांचे संग्रह युरोपात कोणीही, ध्वनिमुद्रणापुरती कोणाचीही परवानगी न घेता, काढू शकतो. असे स्वस्त संग्रह तेथे मुबलक निघतात. श्रोत्याचा त्यात लाभ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मक्तेदारी कधीतरी संपावी आणि जुनी कला सर्वांची व्हावी, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण अशा संग्रहातून गायिकेच्या वारसांना काही जात नाही, आणि ज्या गायिकेला हक्क जिवंत असताना पंचवीस वर्षे काही मिळाले नाही तिच्या बाबतीत ‘मुदत संपली’ हे वाक्य कानाला खटकते. मालकाला मुदत पुरेपूर मिळाली, कलावंताला मात्र ती अर्धीमुर्धीच मिळाली.

आपल्यापुढील प्रश्न

आपल्याकडे हा वाद अगदी नवा नाही. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांनाही ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत हिस्सा मिळावा अशी मागणी केली. गाण्याचे पैसे एकदा घेतले की गायकाचा संबंध संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. दोघांच्या सचोटीविषयी शंका नव्हती, तरी या मतभेदापायी काही वर्षे त्यांची युगुलगीते थांबली. रफींचा विचार सरळ माणसाचा होता. पण त्यात एक गृहीतक दडलेले होते. गाण्याची किंमत गाण्याच्या दिवशी कळते, हे ते गृहीतक. पुनःप्रकाशनाचा सारा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. गाण्याची किंमत काय हे तीस-चाळीस वर्षांनी ठरते, आणि तोवर ठरवण्याचा अधिकार गायकाकडून गेलेला असतो.

आपल्या कायद्यात १९९४ मध्ये कलावंताच्या हक्काला प्रथम स्थान मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला समान वाटा करारानेही सोडून देता येणार नाही असा केला, आणि कलाविष्काराच्या व्यापारी वापरात कलावंतालाही स्वामित्वधनाचा हक्क दिला. ‘सोडून देता येणार नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. करारस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते त्यावर नाक मुरडतात. परंतु रुग्णालयाच्या खाटेवर पडलेली, एकवीस वर्षांची, नाव नसलेली गायिका आणि कंपनीचे चालक यांच्यातील करार हा दोन तुल्यबळांचा करार नसतो. किमान वेतनाचा कायदा ज्या न्यायाने उभा आहे, त्याच न्यायाने हा हक्कही उभा आहे.

यापुढे जाऊन दोन गोष्टी सार्वत्रिक व्हायला हव्यात. पहिली, पुनःप्रकाशनाच्या उत्पन्नातून मूळ ध्वनिमुद्रणाची जुनी उचल कधीही वजा होऊ नये, आणि ठरावीक वर्षांनंतर ती आपोआप रद्द समजली जावी. आज गाणी भ्रमणध्वनीवर मागणीबरहुकूम ऐकली जातात, आणि त्या ऐकण्याचा पैसा बहुधा कंपनीमार्फत जुन्या कराराच्या दरानेच कलावंताकडे पोहोचतो. म्हणून हा नियम आज अधिक निकडीचा आहे. दुसरी, हिशेबाची वही कलावंताला व त्याच्या वारसांना पाहता आली पाहिजे. रूथ ब्राउन यांची निम्मी लढाई काय विकले गेले आणि त्याचे काय झाले एवढे कळून घेण्यातच गेली.

या गोष्टींनी कंपन्या बुडतील असे म्हणण्यात तथ्य नाही. छत्तीस कलावंतांची थकबाकी रद्द करून अटलांटिक बुडाली नाही. उलट तिच्या जुन्या भांडाराची प्रतिष्ठा वाढली, आणि ज्या गायिकेने तिला वहीवरून जाब विचारला तिचाच संग्रह तिने पुढच्या वर्षी अभिमानाने काढला.

त्या संग्रहातील पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकत गेले की एक गोष्ट ध्यानात येते. ‘सो लाँग’ गाणारी मुलगी अपघातातून पुरती सावरलीही नव्हती, आणि तरी तिच्या आवाजात याचना कोठेच नाही. पुढील आयुष्यातही ती नव्हती. कंपनीकडे त्यांनी उपकार मागितले नाहीत, हिशेब मागितला. जुन्या गाण्यांचा एखादा देखणा संग्रह आपल्या हाती येईल, तेव्हा मुखपृष्ठावरचे छायाचित्र पाहून झाल्यावर आपणही तोच प्रश्न विचारायला हवा: यातले किती पैसे गाणाऱ्याच्या घरी जातात?